मु. पो. इस्तंबूल

आपल्या हॉस्टेलमध्ये ‘बजेट’ या शब्दाचा एकच अर्थ आहे: जे सगळ्यात स्वस्त ते. बजेट मोबाईल, बजेट थाळी, बजेट ट्रिप. या अर्थाला माझा ठाम विरोध आहे आणि तो मी इथे इस्तंबूलच्या हॉटेलांच्या निमित्ताने नोंदवणार आहे. गेल्या सेमिस्टरपासून आम्ही तिघी रूममेट्स त्या शहरात पाच रात्री राहायचं प्लॅनिंग करतोय. अजून गेलेलो नाही. पण नुसत्या प्लॅनिंगमध्ये मी जेवढं शिकले, तेवढं एका अख्ख्या इलेक्टिव्हमध्ये शिकले नाही. (माझं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालंय, त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घाचं तेवढं सांभाळून घ्या!)

इस्तंबूलच का? मी सिव्हिलची. आम्हाला घुमट शिकवताना आया सोफियाचं नाव येतंच. सम्राट जस्टिनियनने ५३२ ते ५३७ अशा अवघ्या पाच वर्षांत ती बांधून घेतली. घुमटाचा व्यास साधारण ३१ मीटर. पहिला घुमट ५५८ मध्ये भूकंपांनी खिळखिळा होऊन कोसळला, मग तो जास्त उंच करून पुन्हा बांधला, आणि पुढे सोळाव्या शतकात सिनान या थोर वास्तुविशारदाने इमारतीला बाहेरून आधार दिले. म्हणजे ‘दीड हजार वर्षं उभी आहे’ या वाक्यात प्रत्येक पिढीने केलेली दुरुस्ती आली. ती मला डोळ्यांनी बघायचीय. आमच्या कॉम्प्युटरवालीला बोस्फरसवरच्या फेरीबोटीत बसायचंय आणि ई अँड टीसीवालीला तिथल्या रस्त्यांवरची मांजरं बघायचीत. प्रत्येकीचं ध्येय वेगळं, पण खोली एकच घ्यायची आहे.

आता एक गोष्ट आधीच बोलून टाकते, कारण मेसमध्ये हा विषय निघाला की कुणीतरी विचारतंच. मे २०२५ मध्ये भारत-पाकिस्तान संघर्षात तुर्कस्तानने पाकिस्तानची बाजू घेतली आणि आपल्याकडे तिकडच्या सहलींवर बहिष्काराची लाट आली. कित्येकांनी बुकिंग रद्द केली. ज्याला जायचं नाही त्याच्या मताचा मला आदर आहे, माझे बाबाही त्याच मताचे आहेत आणि आमची चर्चा अजून संपलेली नाही. पण त्या वेळी एक धडा मिळाला. ज्यांचं बुकिंग रद्द करता येणारं होतं त्यांचे पैसे वाचले, आणि ज्यांनी थोड्या सवलतीसाठी ‘नॉन-रिफंडेबल’वर क्लिक केलं होतं त्यांचे अडकले. परिस्थिती कधी बदलेल ते सांगता येत नाही. त्यात आपला व्हिसा. अमेरिका, ब्रिटन, आयर्लंड किंवा शेंगेनचा चालू व्हिसा अथवा तिथला राहण्याचा परवाना असेल तरच आपल्याला तुर्कस्तानचा ई-व्हिसा मिळतो, नाहीतर रीतसर अर्ज करून वाट बघायची. आमच्यापैकी एकीकडेही तसलं काही नाही. म्हणून नियम क्रमांक शून्य: विद्यार्थ्याने रद्द न होणारं बुकिंग करू नये.

आता मुद्द्यावर येते. माझं म्हणणं एवढंच आहे की खोलीत कितीही काटकसर करा, पण दोन गोष्टींत करू नका. एक अंतर आणि दुसरी इमारत.

आधी अंतर. जुनं इस्तंबूल हे एक द्वीपकल्प आहे. एका बाजूला गोल्डन हॉर्नची खाडी, एका बाजूला बोस्फरस, खाली मार्मराचा समुद्र आणि जमिनीच्या बाजूला पाचव्या शतकातला तट. बघण्यासारखं जवळजवळ सगळं या पिशवीत एकत्र भरलंय. आया सोफिया, तिच्यासमोर सहा मिनारांची निळी मशीद, शेजारी ३३६ खांबांचं जमिनीखालचं जलाशय, मागे तोपकापी राजवाडा. साधारण एक किलोमीटरवर ग्रँड बझार आणि त्यापलीकडे सिनानची सुलेमानिये. नकाशावर ही ठिकाणं जोडली तर आपल्या कॅम्पसच्या फेरीपेक्षा थोडीच मोठी फेरी होते. आणि हॉटेलं मात्र तासाभराच्या अंतरावरही स्वस्त मिळतात.

आमच्यात पहिलं भांडण इथेच झालं. कॉम्प्युटरवालीने एक्सेल शीट केलं आणि भाड्याच्या चढत्या क्रमाने लावलं. सगळ्यात वर अर्थातच शहराच्या टोकाची हॉटेलं! मग मी तिच्याच शीटमध्ये एक कॉलम वाढवला. समजा, मध्यवर्ती भागात माणशी रात्रीला २,००० रुपये पडतात आणि टोकाला १,४००. पाच रात्रींत वाचले ३,०००. पण रोज जायला एक तास, यायला एक तास, म्हणजे पाच दिवसांत दहा तास. फिरण्याचा एक पूर्ण दिवस गेला. विमानभाडं, व्हिसा, तिकिटं, जेवण सगळं धरून आमचा माणशी अंदाज ७५,००० रुपयांचा आहे, म्हणजे एका दिवसाची किंमत १५,०००. तीन हजार वाचवायला पंधरा हजारांचा दिवस बसमध्ये घालवायचा, याला बजेट म्हणत असाल तर कठीण आहे! शिवाय टोकाला राहिलं की दुपारी खोलीवर येऊन पाय पसरता येत नाहीत, पहाटे गर्दी होण्याआधी चौकात पोहोचता येत नाही आणि आम्हा मुलींना रात्री साडेनऊलाच ‘शेवटची गाडी कधी’ हा प्रश्न पडतो. पाय पसरायला मिळणं हीसुद्धा सोय आहे आणि तिलाही पैशांत मोजलं पाहिजे.

मध्यवर्ती म्हणजे तरी नेमकं कुठे? सुलतानअहमेत म्हणजे अगदी दारात आया सोफिया, पण त्या पत्त्याचेच पैसे पडतात. उतारावरून खाली पाण्याकडे आलं की सिर्केजी. इथलं रेल्वे स्टेशन १८९० चं, ओरिएंट एक्सप्रेस इथे येऊन थांबायची. आया सोफियापर्यंत साधारण एक किलोमीटर, पण जाताना चढ. ट्राम समोर, फेरीचा धक्का एमिनोन्यू शेजारी, आणि २०१३ पासून बोस्फरसच्या तळाखालून जाणारी मार्मराय रेल्वेही याच स्टेशनखालून जाते. पश्चिमेकडे लालेली हा कपड्यांच्या घाऊक व्यापाराचा भाग, तोही ट्रामवर, आणि तिथे खोल्या पुष्कळ. तकसिमकडे रात्रीचं जगणं जास्त आणि झोप कमी. काडीकोय आशियाच्या बाजूला, फेरीने वीस-पंचवीस मिनिटं, आणि सुंदर आहे म्हणतात. माझं मत सिर्केजीला. पत्त्याची किंमत थोडी कमी आणि चारही दिशांना जाण्याची सोय. ‘मग रोज चढ कोण चढणार?’ असं विचारणाऱ्यांना माझा प्रश्न, आपण चार मजले चढून एम-थ्रीच्या लेक्चरला कसे पोहोचतो?

सिर्केजी सोयीचं का, हे विमानतळावरून यायचं ठरवताना आणखी पटलं. २०१९ पासून प्रवासी विमानं जुन्या अतातुर्क विमानतळावर उतरत नाहीत. नवा विमानतळ शहरापासून बराच उत्तरेला आहे. तिथून एम-११ मेट्रोने गायरेत्तेपे, मग एम-२ ने वेझनेजिलेर, थोडं चालून ट्राम. आशियाच्या बाजूच्या साबिहा गोक्चेन विमानतळावर उतरलात तर एम-४ मेट्रो, आयरिलिक चेश्मेला बदल आणि मार्मरायने थेट सिर्केजी. पण मध्यरात्रीनंतर मेट्रो बहुतेक रात्री बंद असते. म्हणजे रात्री दोनला उतरणारं स्वस्त विमान घेतलं की टॅक्सीत ते पैसे परत जाणार. विमान आणि हॉटेल यांचा हिशेब वेगवेगळा करायचाच नाही. गंमत म्हणजे तुर्कीत बिलाला ‘हेसाप’ म्हणतात, आपला ‘हिशेब’ आणि त्यांचा ‘हेसाप’ ही एकाच अरबी शब्दाची पोरं!

हिशेबाची आणखी चार कलमं. पहिलं, लिरामधल्या जुन्या किमतींवर विश्वास ठेवू नका. ऑक्टोबर २०२२ मध्ये तिथली वार्षिक महागाई ८५ टक्क्यांवर गेली होती. सीनियरने सांगितलेला दोन वर्षांपूर्वीचा आकडा म्हणजे ऐतिहासिक दस्तऐवज समजायचा. आम्ही सगळं युरोत मांडलं. दुसरं, १ जानेवारी २०२३ पासून मुक्कामावर २ टक्के कर आहे, दाखवलेल्या भाड्यात तो आणि इतर कर धरलेत का ते विचारायचं. तिसरं, नाश्ता. ब्रेड, चीज, ऑलिव्ह, टोमॅटो, काकडी, अंडी, मध, जॅम असा भरगच्च तुर्की नाश्ता भाड्यात असेल तर दुपारचं जेवण एका सिमितवर, म्हणजे तिळाच्या कडक गोल पावावर भागतं. चौथं, तिकिटं. जानेवारी २०२४ पासून परदेशी पर्यटकांना आया सोफियाच्या वरच्या सज्जात जायला २५ युरो मोजावे लागतात. निळी मशीद आणि सुलेमानिये मात्र नमाजाच्या वेळा सोडून फुकट. तोपकापी मंगळवारी बंद, ग्रँड बझार रविवारी बंद. हे वार न बघता पाच रात्री ठरवल्या तर एखादी रात्र उगाचच जास्तीची होते.

काटकसर कुठे करायची? खुशाल करा! टीव्ही नको, मिनीबार नको, समुद्र दिसणारी खिडकी नको. तिघींत एक खोली चालेल, बाथरूममध्ये बादली नसली तरी चालेल, लिफ्ट नसली तरी चालेल. पहाटेच्या अजानने जाग आली तर तेवढंच लवकर निघता येईल. हॉस्टेलवर राहून आपण एवढं तर कमावलंय की कुठल्याही गादीवर झोप लागते.

पण इमारत? इथे मात्र मी गंभीर आहे, आणि तुम्हीही जरा व्हा.

आमच्या घरी किल्लारीचं नाव हळू आवाजात घेतात. बाबा लातूर जिल्ह्यातले. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे जे गेले ते बहुतेक झोपेत, आपल्याच घराच्या दगड-मातीखाली गेले. मी तेव्हा जन्मलेही नव्हते, पण रात्री झोपण्याआधी छताकडे एकदा बघायची सवय मला घरातूनच लागली. म्हणून इस्तंबूलच्या शीटमध्ये मी ‘बिल्डिंग’ नावाचा कॉलम टाकला तेव्हा मैत्रिणी हसल्या. मग मी त्यांना इसिआस हॉटेलबद्दल सांगितलं.

६ फेब्रुवारी २०२३ ला पहाटे दक्षिण तुर्कस्तानात ७.८ तीव्रतेचा भूकंप झाला. एकट्या तुर्कस्तानात ५०,००० हून जास्त माणसं गेली. अदियामान शहरात इसिआस नावाचं हॉटेल होतं. उत्तर सायप्रसमधल्या फामागुस्ताच्या शाळेची मुलं-मुली व्हॉलीबॉलच्या स्पर्धेसाठी तिथे उतरली होती, सोबत शिक्षक आणि पालक. हॉटेल कोसळलं. ७२ जण गेले, त्यांतले ३५ या सायप्रसच्या गटातले. काँक्रीट निकृष्ट होतं, त्यात नदीतली वाळू-खडी होती, परवानगी नसताना मजला चढवला होता, असं पुढे तज्ज्ञांच्या अहवालांत आलं. डिसेंबर २०२४ मध्ये न्यायालयाने मालकाला १८ वर्षांहून जास्त शिक्षा दिली. लक्षात घ्या, हे गल्लीतलं लॉज नव्हतं, मोठं हॉटेल होतं. म्हणजे जास्त भाडं दिलं की चांगलं छप्पर मिळतं, हेही खरं नाही. भाडं आणि छप्पर हे दोन वेगळे कॉलम आहेत.

आगीचंही तसंच. २१ जानेवारी २०२५ ला बोलू प्रांतात कार्तालकायाच्या स्की रिसॉर्टमधल्या हॉटेलला पहाटे आग लागली आणि ७८ जण गेले. शाळेच्या सुट्ट्या चालू होत्या, मुलं पुष्कळ होती. अलार्म ऐकूच आला नाही, असं वाचलेल्यांनी सांगितलं. लोक चादरी बांधून खिडक्यांतून उतरले.

इस्तंबूललाही हा धोका आहेच. उत्तर अ‍ॅनाटोलियन फॉल्ट शहराच्या दक्षिणेला मार्मराच्या समुद्राखालून जातो. १७ ऑगस्ट १९९९ च्या इझमित भूकंपात अधिकृत आकड्यानुसार १७,००० हून जास्त माणसं गेली. २३ एप्रिल २०२५ ला ६.२ चा धक्का इस्तंबूलने अनुभवला. १९९९ नंतर तिथे २००१ मध्ये बांधकाम तपासणीचा कायदा आला, भूकंपरोधक बांधकामाची नियमावली २००७ आणि २०१८ मध्ये सुधारली. पण त्याच २०१८ मध्ये झालेली बेकायदा बांधकामं पैसे भरून नियमित करून घेण्याची योजनाही आली! (आपल्याकडे हे वाचून कुणी दचकेल असं वाटत नाही.) जुन्या भागातली बरीच छोटी हॉटेलं म्हणजे राहत्या इमारतींची केलेली हॉटेलं. तळमजल्यावर दुकान किंवा लॉबी हवी म्हणून भिंती काढल्या, खांबांना हात लावला की तो मजला दुर्बळ होतो. आम्ही त्याला सॉफ्ट स्टोरी म्हणतो आणि पाच मार्कांना लिहितो. तिथे प्रश्न पाच मार्कांचा नसतो.

‘अगं, पण आपण काय इमारतीचं ऑडिट करणार आहोत का?’ असं ई अँड टीसीवालीने विचारलं. योग्य प्रश्न आहे. फोटो बघून कुठलीही इमारत सुरक्षित ठरवता येत नाही, सिव्हिलच्या मुलीला तर नाहीच. आणि लाखो लोक त्या शहरात रोज राहतात, त्यांना तर पाच रात्रींचा पर्यायही नाही. पण आपल्याला निवडता येतं, आणि प्रश्न विचारायला पैसे पडत नाहीत. आम्ही नऊ हॉटेलांना ई-मेल केली. इमारत किती सालची? नंतर मजला चढवलाय का? भूकंपाच्या दृष्टीने तपासणी किंवा मजबुतीकरण झालंय का? बाहेर पडायला दुसरा मार्ग आहे का, धुराचा अलार्म आहे का? आमची खोली कितव्या मजल्यावर आणि खिडकी बाहेर उघडते का? चौघांनी उत्तरं दिली. एकाने साल सांगून जिन्याचा फोटोही पाठवला. एकाने लिहिलं, ‘काळजी करू नका, नाश्ता उत्तम आहे.’ त्याला आम्ही यादीतून काढलं. ज्यांनी उत्तर दिलं नाही त्यांचं मौन हेही उत्तरच. उरलेल्यांतलं एक सिर्केजीत आहे, माणशी १,९०० रुपये, नाश्त्यासकट, रद्द करता येणारं. यादीत भाड्याने ते सहावं होतं. आमच्या मते तेच सगळ्यात स्वस्त आहे.

आता तुम्ही म्हणाल, आम्हाला कुठे इस्तंबूलला जायचंय! बरोबर. पण आपल्यापैकी प्रत्येकजण इंडस्ट्रियल व्हिजिटला जातो. तिथलं लॉज कसं ठरतं ते आपण जाणतो. ‘माणशी किती?’ एवढा एकच प्रश्न, आणि ज्याने कमी सांगितलं त्याच्याकडे साठ जणांच्या बॅगा. फामागुस्ताची मुलंही शाळेच्या ट्रिपलाच गेली होती, सोबत त्यांचे सर-मॅडम होते. म्हणून टूर कमिटीला आणि सोबत येणाऱ्या सर-मॅडमना माझी नम्र विनंती आहे. यंदा कोटेशन मागवताना एक ओळ वाढवा: इमारतीचं साल, दुसरा जिना, आगीचा अलार्म. माणशी पन्नास-शंभर रुपये जास्त पडले तर आम्ही एका संध्याकाळचं हॉटेलिंग सोडू. कुणी कुरकुर केली तर त्याला माझ्याकडे पाठवा, मी एक्सेल शीट दाखवीन.

आणि जाता जाता एक. आपल्या हॉस्टेललाही दुसरा जिना आहे. तो खाली कुठे उघडतो, त्या दाराला कुलूप असतं का आणि असेल तर किल्ली कोणाकडे असते, हे आमच्या मजल्यावर मी विचारलं तेव्हा चौदा जणींपैकी दोघींना सांगता आलं. आज रात्री मेसमधून परत येताना तुम्ही त्या जिन्याने येऊन बघा.